औषध, विष आणि परिभाषा



श्रावणापासून दसऱ्यापर्यंत यवतमाळ जिल्ह्यात 'औषध' हा शब्द दवाखान्यापेक्षा शेतात अधिक ऐकू येतो. 'औषध मारायला गेला आहे', 'औषधापुरते पैसे हवेत' असे कोणी म्हणाले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कपाशीवरील फवारणीच येते. पीक आजारी पडले, त्याला औषध दिले, अशी ही साधी समजूत. तीत पिकाविषयीची माया आहे. परंतु किडीला मारणाऱ्या द्रव्यास औषध म्हटले की हाताळणाऱ्याच्या मनातील भय नकळत ओसरते, ही गोष्ट परिभाषेचा विचार करणाऱ्यांना नजरेआड करता येणार नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो जणांना उपचार घ्यावे लागले. त्यांतील अनेक जण यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल झाले होते. पुरुषभर वाढलेली दाट कपाशी, दमट हवा, संरक्षक कपड्यांचा अभाव, निरनिराळी द्रव्ये एकत्र करून फवारण्याची पद्धत, अशी कारणे पुष्कळ होती. पाकिटावरील व डब्यावरील शब्द वाचणाऱ्यापर्यंत न पोहोचणे, हे त्यांपैकीच एक. त्याची फारशी चर्चा झाली नाही.

प्रारंभ बियाण्याच्या पाकिटापासून करावा लागतो. बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. 'बीटी' ही अक्षरे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूच्या नावाची आद्याक्षरे होत. जर्मनीतील थुरिंजिया या प्रदेशावरून हे नाव पडले. या जिवाणूतील ज्या जनुकाचा उपयोग केला जातो, त्याच्या नावातील 'क्राय' हा शब्द रडण्याचा नव्हे, तर स्फटिकाचा आहे. कारण हे प्रथिन जिवाणूत स्फटिकरूपाने साठते. बोंडअळीच्या पोटात गेल्यावर ते तिच्या आतड्याला इजा करते. मावा, तुडतुडे, फुलकिडे यांच्यावर त्याचा परिणाम होत नाही. 'बीटी म्हणजे कीड न लागणारी कपाशी' असा अर्थ रूढ झाला, तो या दोन अक्षरांत कोठेही नव्हता.

येथे परिभाषाकारांच्या एका यशाची नोंद घेतली पाहिजे. इंग्रजी 'जीन' शब्द जसाच्या तसा घेतला असता, तर यवतमाळच्या शेतकऱ्याला तो सरकी काढण्याच्या कारखान्याचा वाटला असता. कापूस जिनातच जातो! 'जनुक' हा शब्द मात्र लहान, सुटसुटीत आणि जन्माशी नाते सांगणारा असल्याने मराठीत सहज रुळला.

'रेफ्युजिया' या संज्ञेचे नशीब तसे नव्हते. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत बिगर बीटी बियाण्याचे १२० ग्रॅमचे पाकीट दिले जात असे. शेताच्या कडेने पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, यांपैकी जे अधिक असेल त्यावर ते लावायचे होते. त्यामागील तत्त्व अगदी सुबोध आहे. बीटीला दाद न देणारे थोडे पतंग नेहमीच असतात; त्यांचा संयोग बिगर बीटी ओळींतील साध्या पतंगांशी झाला, तर पुढची पिढी बीटीला बळी पडणारी राहते. परंतु 'रेफ्युजी' म्हणजे निर्वासित, हे जुन्या पिढीला ठाऊक. आणि 'आश्रयपीक' म्हणावे, तर आपल्या शेतात अळीला आश्रय कोण देईल? पुष्कळांनी ते पाकीट बांधावर टाकून दिले. 'राखणीच्या ओळी' म्हटले असते, तर निदान त्या कशाची राखण करतात, हा प्रश्न तरी विचारला गेला असता. पुढे दोन्ही बियाणी एकाच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली. मधल्या काळात गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली होती आणि कमी व्हावयाची फवारणी पुन्हा वाढली होती.

आता डब्याकडे वळू. औषधनिर्मितीच्या कारखान्यात मूळ गुणकारी द्रव्य वेगळे आणि त्यापासून बनवलेली गोळी वा पातळ औषध वेगळे मानतात. कीटकनाशकाचेही तसेच असते. डब्यावर मोठ्या अक्षरांत असते ते कंपनीने दिलेले नाव. बारीक अक्षरांत असतो तो क्रियाशील घटक. 'प्रोफेनोफॉस ५० टक्के ई.सी.' यातील प्रोफेनोफॉस हा घटक, 'ई.सी.' म्हणजे पाण्यात पडताच दुधासारखे होणारे तेलकट द्रावण. 'डब्ल्यू.पी.' ही पाण्यात कालवण्याची भुकटी. दोन निराळ्या नावांच्या डब्यांत एकच घटक असू शकतो. तो न वाचता दोन्ही डबे एका पंपात ओतले, तर मात्रा दुप्पट होते.

प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही द्रव्ये ऑर्गॅनोफॉस्फेट या वर्गातील आहेत. येथे अनुवादकाने विशेष सावध राहावे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने 'ऑर्गॅनिक' म्हणजे 'सेंद्रिय', हे कोशानुसार बरोबरच आहे. परंतु गावात सेंद्रिय म्हणजे शेणखत, गांडूळखत, विषमुक्त धान्य. 'सेंद्रिय फॉस्फेट' असे छापले, तर मज्जासंस्थेवर आघात करणाऱ्या विषाला निर्धोकपणाचे प्रशस्तिपत्रच मिळेल. 'कार्बनी' हा पर्याय मराठीत उपलब्ध आहे. तो नसता तरी इंग्रजी नाव तसेच ठेवणे अधिक श्रेयस्कर ठरले असते.

'उतारा' या शब्दाचीही अशीच मौज आहे. ग्रामपंचायतीत उतारा म्हणजे सातबाराचा, घरी उतारा म्हणजे ओवाळून टाकलेला नारळ-लिंबू. आणि माहितीपत्रकातील उतारा म्हणजे प्रतिविष. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेवर डॉक्टर ॲट्रोपिन देतात. काही कीटकनाशकांवर खास असा उतारा नाहीच. तेथे लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. म्हणूनच कोणते द्रव्य होते, हे डॉक्टरांना प्रथम कळावे लागते.

कीटकनाशक अधिनियम १९६८ चा आणि त्याखालील नियम १९७१ चे. या नियमांनी निरक्षरांसाठीही एक परिभाषा दिली आहे, ती रंगांची. ज्या मात्रेने प्रयोगातील निम्मे प्राणी मरतात, ती मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. तोंडावाटे दिलेली ही मात्रा ५० पर्यंत असेल तर डब्यावर लाल त्रिकोण, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा. आकडा जितका लहान, तितके विष जहाल. व्यवहारातील समजुतीच्या हे नेमके उलट आहे. हिरव्या रंगाचीही फसगत होते. रस्त्यावर हिरवा दिवा 'जा' म्हणतो. डब्यावरील हिरवा केवळ 'कमी विषारी' एवढेच सांगतो.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्येच भाषा संचालनालय सुरू झाले आणि त्याने कृषिशास्त्र, जीवशास्त्र, औषधशास्त्र यांचे परिभाषा कोश सिद्ध केले. हे काम मोठे आहे. तथापि कोश अभ्यासकाच्या टेबलावर असतो आणि डबा शेताच्या धुऱ्यावर. शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला रिकामा डबा नव्हे, तर कृषी केंद्रातून मिळणारे माहितीपत्रक मुलांकडून वाचून घ्यावे. घरी ते मोठ्याने वाचणारे बहुधा तेच असतात. पंचायत सदस्यांनी फवारणीच्या हंगामाआधी चार रंगांचा तक्ता चावडीवर लावावा.

रोजंदारीने फवारणाऱ्या मजुराला दिसते ती द्रावणाची बादली; डबा मालकाच्या हाती असतो. तेव्हा पंप पाठीवर देतानाच मालकाने त्याला घटकाचे नाव व त्रिकोणाचा रंग सांगावा. दरदरून घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, यांपैकी काहीही आढळताच फवारणी थांबवून माणसाला दवाखान्यात न्यावे, आणि डबा व त्यासोबतचे पत्रक त्याच गाडीत ठेवावे.