राज्याचा जमाखर्च आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली. विषय कोणता घ्यावा, असे विचारता चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही भिशीचा आणि वर्गणीचा हिशेब ठेवता, तर हिशेबावरच बोला." मी सातवीपर्यंत शिकलेली. मोठमोठी पुस्तके वाचणारी मी नव्हे. पण हिशेब म्हटला की माझे मन रमते. म्हणून आपल्या घरच्या नव्हे, मंडळाच्याही नव्हे, तर आपल्या राज्याच्या हिशेबाविषयी, म्हणजे विधिमंडळात अर्थसंकल्प कसा मंजूर होतो याविषयी मला जेवढे उमगले तेवढे सांगते. राज्यघटनेचे मराठी पुस्तक आणि वर्तमानपत्रे यांचा आधार घेतला आहे. काही कमीजास्त झाले तर पोटात घाला.

भगिनींनो, मार्च महिना आला की वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरात येते की वित्तमंत्र्यांनी अर्थसंकल्प मांडला. काय स्वस्त, काय महाग, एवढे आपण वाचतो आणि कागद घडी घालून ठेवतो. आपल्याला वाटते, झाले, पैसे मंजूर झाले. पण तसे नाही. मुलीचे लग्न ठरले की घरातले कर्ते माणूस खर्चाची यादी वाचून दाखवते. यादी वाचली म्हणजे पैसे खर्च करायची मोकळीक मिळाली असे नव्हे. घरातल्या चौघांनी मान डोलवावी लागते. अर्थसंकल्पाचे भाषण ही तशी यादी आहे. मान डोलवायचे काम आमदारांचे, आणि त्यांना निवडून देण्याचे काम आपले.

ही यादी कशी असते ते पाहा. घटनेच्या २०२ व्या अनुच्छेदाप्रमाणे दर वर्षी राज्यपालांच्या वतीने येत्या सालच्या जमाखर्चाचा अंदाज विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. साल १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंतचे. १० मार्च २०२५ रोजी त्या वेळचे वित्तमंत्री अजित पवार यांनी २०२५-२६ सालचा अर्थसंकल्प मांडला. त्यात महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी रुपये आणि महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी रुपये धरला होता. तूट ४५ हजार ८९१ कोटींची. एवढे आकडे ऐकून आपले डोळे फिरतात. म्हणून मी ते आपल्या मापाने मोजले. जिच्या घरात महिन्याला ५,६१० रुपये येतात आणि ६,०६९ रुपये जातात, अशा बाईसारखी ही स्थिती झाली. उरलेले ४५९ रुपये कुठून आणायचे, हे तिला कुणी तरी विचारलेच पाहिजे.

आता विचारण्याची रीत. भाषणानंतर आधी सर्वसाधारण चर्चा होते. त्यानंतर प्रत्येक खात्याची "अनुदानाची मागणी" विधानसभेपुढे येते. आरोग्याची वेगळी, शिक्षणाची वेगळी, पाटबंधाऱ्यांची वेगळी. २०३ वा अनुच्छेद असे सांगतो की, विधानसभेने मागणी मान्य करावी, नाकारावी किंवा कमी करावी. पण वाढवू मात्र शकत नाही. राज्यपालांच्या शिफारशीवाचून मागणी मांडताही येत नाही. म्हणजे सुनेने भाजीवरचा खर्च कमी करावा, पण पाटल्यांसाठी जादा पैसे स्वतःच काढून घेऊ नयेत, असा हा नियम आहे.

काही खर्चावर मतच घेत नाहीत. राज्यपालांचे मानधन, हायकोर्टातल्या न्यायमूर्तींचे पगार, राज्याने काढलेल्या कर्जाचे व्याज, हा खर्च "भारित" म्हणतात. त्यावर चर्चा करता येते, मत देता येत नाही. बाकीच्या खर्चाला "दत्तमत" म्हणतात, म्हणजे मत देऊन मंजूर केलेला. व्याजाचे पैसे भारित असणे मला पटते. सावकाराचे व्याज द्यायचे की नाही यावर घरात मत घेऊन भागत नाही. पण म्हणूनच कर्ज काढताना शंभरदा विचार करायला हवा.

आमदाराला एखादी मागणी पसंत नसेल तर तो कपात सूचना देतो. लोकसभेच्या नियमांत तर असेही आहे की, एखाद्या तक्रारीकडे लक्ष वेधायचे असेल तर मागणीतून शंभर रुपये कमी करावेत अशी सूचना द्यायची. कोट्यवधींतून शंभर रुपये! मला आधी हसू आले. मग कळले, ते शंभर रुपये पैशासाठी नसतात, तेवढ्या निमित्ताने गाऱ्हाणे सभागृहात मांडता येते.

सगळ्या मागण्या मंजूर झाल्या की विनियोजन विधेयक येते. ते मंजूर झाल्यावाचून राज्याच्या तिजोरीतून एक पैसाही काढता येत नाही. आपल्याकडे विधानसभा आणि विधान परिषद अशी दोन सभागृहे आहेत. विधान परिषदेने असे विधेयक चौदा दिवसांच्या आत परत पाठवायचे असते. तिने सूचना केल्या तरी त्या घ्यायच्या की नाही हे विधानसभा ठरवते. शेवटचा शब्द लोकांनी थेट निवडलेल्या २८८ जणांचा. २०२४ च्या निवडणुकीत त्यांत २१ स्त्रिया निवडून आल्या. आपण मतदार म्हणून निम्म्या आणि तिथे २१, हाही एक हिशेबच आहे.

इथवर ऐकून कुणाला वाटेल, व्यवस्था तर चोख दिसते. पण खरी अडचण वेळेची. खाती पुष्कळ, दिवस थोडे. ठरलेली वेळ संपली की उरलेल्या मागण्या चर्चेवाचून एकदम मताला टाकतात. त्याला "गिलोटिन" असे परदेशी नाव आहे. तांदूळ निवडता निवडता पाहुणे दारात आले आणि उरलेले तसेच वैरले, त्यातला प्रकार. खडा दाताखाली येतो तो नंतर, आणि जेवणाऱ्याला.

म्हणून शहाण्या लोकांनी समित्यांची योजना केली. मोठ्या सभागृहात जे निवडून होत नाही ते थोड्या माणसांनी एका खोलीत बसून निवडावे. केरळ राज्याने १९८० साली विषय समित्या नेमल्या. तिथे सर्वसाधारण चर्चा झाली की खात्यांच्या मागण्या या समित्यांकडे तपासणीला जातात आणि नंतर सभागृहात मताला येतात. दिल्लीला संसदेतही १९९३ सालापासून खातेवार स्थायी समित्या मागण्या तपासून अहवाल देतात. एकेका समितीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे.

आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळातही पैशावर नजर ठेवणाऱ्या समित्या आहेत. त्यांतल्या तीन मी सांगते.

पहिली अंदाज समिती. खात्यांनी धरलेले अंदाज रास्त आहेत का, तेच काम कमी पैशात झाले असते का, हे ती पाहते. ही वर्षभर काम करते. तिचा अहवाल येईपर्यंत मंजुरी थांबत नाही, पण पुढच्या सालासाठी तो उपयोगी पडतो.

दुसरी लोकलेखा समिती. ही खर्च झाल्यावर हिशेब मागते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, ज्यांना आपण "कॅग" म्हणतो, त्यांचा अहवाल विधिमंडळापुढे येतो आणि ही समिती तो घेऊन बसते. ज्या कामाला पैसे दिले त्याच कामाला गेले का, जास्त का खर्चले, पडून का राहिले, हे खात्याच्या सचिवांना समोर बसवून विचारते. या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. लोकसभेत तो १९६७ सालापासून पाळतात. मला हा प्रघात फार आवडला. ज्याने स्वयंपाक केला त्यानेच चव घेऊन चांगला म्हणायचे, यात काय अर्थ?

तिसरी पंचायती राज समिती. ही जिल्हा परिषदांत जाऊन हिशेब तपासते. ज्यांच्या घरचे कुणी जिल्हा परिषदेत नोकरीला आहे त्यांना ठाऊक असेल, "पीआरसी येणार" असे कळले की कपाटातल्या फायली कशा भराभर बाहेर येतात.

शिवाय महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी रोजगार हमीची समिती आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आपल्याच आया-मावश्या गेल्या होत्या. त्या योजनेसाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला, १९७७ साली कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. नुसती कामाची हमी देऊन सरकार थांबले नाही; पैसे कुठून येणार तेही नेमून दिले. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती, त्यांनी या योजनेचा पाया घातला. आधी पैशाची तजवीज, मग वचन, हा धडा घरालाही लागू आहे.

समितीचे काम बंद दाराआड चालते. तिथे टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत, म्हणून पक्षांचे भांडणही जरा कमी असते. पण समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. त्या अहवालाबद्दल बाहेरून कुणी विचारले नाही, तर तो कपाटात राहतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, ती पुरवणी मागण्यांची. सालाच्या मध्ये पैसे कमी पडले तर सरकार पुन्हा विधानसभेकडे येते. अचानक आजारपण यावे तसे पूर किंवा दुष्काळ आला, तर हे रास्तच आहे. पण २०२४ साली काय झाले? लोकसभेची निवडणूक असल्यामुळे फेब्रुवारीत अंतरिम अर्थसंकल्प आला. २८ जूनला अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला, त्यात आपल्या ओळखीची माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली. आणि ९ जुलैला, म्हणजे अवघ्या अकरा दिवसांनी, ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. पुढच्या साली ३० जून २०२५ रोजी ५७ हजार ५०९ कोटींच्या आल्या. पहिल्या वर्षीच्या मागण्यांत मोठा वाटा महिला व बालविकास खात्याचा होता. आपल्या बहिणींच्या हाती दीड हजार रुपये आले तर मला आनंदच आहे. कितीजणींनी त्यातून मुलांची पुस्तके घेतली हे मी पाहिले आहे. पण महिन्याच्या एक तारखेला खर्च ठरवला आणि बारा तारखेला पुन्हा हात पसरला, तर घरातले माणूस विचारणारच की, एक तारखेला हे कसे दिसले नाही? तसे विचारणे म्हणजे योजनेला विरोध करणे नव्हे. योजना टिकावी असे ज्याला वाटते त्यानेच आधी विचारावे.

आता आपल्या पेठेची गोष्ट सांगते. अंगणवाडीला स्वतःची खोली मिळावी म्हणून आपल्या मंडळाने तीन वर्षे अर्ज केले. पहिल्या वर्षी कचेरीत उत्तर मिळाले, "तरतूद नाही." दुसऱ्या वर्षी, "तरतूद आहे, पण पैसे आले नाहीत." तिसऱ्या वर्षी, "आले होते, पण मार्च संपला, परत गेले." तोवर मुले देवळाच्या पडवीत बसली आणि पावसाळ्यात घरी राहिली. त्यांतली काही आता पहिलीत गेली. त्यांची ती वर्षे कुणी पुरवणी मागणी करून परत देणार नाही.

या तीन उत्तरांनी मला राज्याचा सगळा अर्थसंकल्प शिकवला. तरतूद निराळी, वितरण निराळे, खर्च निराळा. तरतूद म्हणजे विधानसभेने दिलेली परवानगी. वितरण म्हणजे ते पैसे खात्याच्या हाती सोडणे. खर्च म्हणजे विटा, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी. भाषणात टाळ्या पडतात त्या तरतुदीला. मूल बसते ते खर्चातून उभ्या राहिलेल्या खोलीत.

तेव्हा आपण काय करावे? माझी मंडळाला नम्र सूचना आहे. एक, मार्चमध्ये अर्थसंकल्प आला की आपल्या कामाची तरतूद आहे का हे आमदारांना पत्राने विचारावे, कारण मागणीवर मत तेच देणार आहेत. दोन, दिवाळीनंतर पुन्हा विचारावे की पैसे वितरित झाले का. बीम्स नावाच्या सरकारी संगणक प्रणालीत तरतूद, वितरण आणि खर्च यांची नोंद असते. आपल्या शिकलेल्या मुलींनी ती पाहून द्यावी. तीन, उत्तर न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करावा. चार, तरीही न भागल्यास विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे, आणि महिला व बालकांच्या हक्कांची व कल्याणाचीही समिती आहे. तिथवर गाऱ्हाणे न्यावे. मार्च संपण्याची वाट पाहत बसू नये.

भगिनींनो, आपल्यापैकी प्रत्येकीने वाण्याची चिठ्ठी तपासली आहे, दुधाचे खाडे धरले आहेत, गॅसच्या सिलिंडरची तारीख लिहून ठेवली आहे. हिशेब विचारताना आपण कुणाला भीत नाही. राज्याचा हिशेब त्याहून मोठा असेल, पण जात वेगळी नाही, आणि साडीसारखे आपण जे पुष्कळसे घेतो त्यातून त्या तिजोरीत कुठे ना कुठे आपलाही रुपया पडतो. ज्याचा रुपया त्याला विचारण्याचा हक्क.

येत्या मार्चपर्यंत अंगणवाडीच्या पत्रावर आपल्या सर्वांच्या सह्या व्हाव्यात, एवढीच विनंती. कागद चिटणीसबाईंजवळ आहे. ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठा द्यावा. मत देताना तोही चालतोच.