‘मेलं नाही’ एवढ्यावर थांबू नका



आज पदवी घ्यायला समोर बसलेल्यांपैकी बरेच जण शेतकऱ्यांच्या घरातले आहेत. गांडूळखताच्या बेडमध्ये वळवळणारं लालसर आयसेनिया फेटिडा तुम्हाला मी दाखवायला नको. हेच गांडूळ विषशास्त्राच्या प्रयोगशाळांत गेली चाळीस वर्षं राबतं आहे. मातीत मिसळलेलं रसायन किती घातक, हे तपासण्याची पद्धत ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८४ मध्ये ठरवून दिली. वाळू, केओलिन आणि पीट यांची कृत्रिम माती करायची, तीत रसायन मिसळायचं, दहा प्रौढ गांडुळं सोडायची. सातव्या आणि चौदाव्या दिवशी माती उपसून प्रत्येकाला डोक्याकडून हलकेच डिवचायचं. हललं तर जिवंत, नाही तर मेलेलं. ज्या मात्रेला निम्मी मरतात, ती मात्रा नोंदवायची.

या पद्धतीची मी टिंगल करणार नाही. ती स्वस्त आहे, साध्या प्रयोगशाळेतही जमते आणि दोन ठिकाणचे निकाल ताडून पाहता येतात. माझी तक्रार आहे ती उरलेल्या निम्म्यांबद्दल. घरात कोणी दगावलं नाही, म्हणून त्या घराचं बरं चाललंय असं आपण म्हणतो का? शेतात प्रदूषकांची मात्रा सहसा मरणाच्या बरीच खाली असते. तिथे जे काही घडतं ते जिवंत शरीरात घडतं.

मेटाबोलॉमिक्सचं काम इथून सुरू होतं. पेशीत सतत घडणाऱ्या-मोडणाऱ्या लहान रेणूंचा, म्हणजे शर्करा, अमिनो आम्लं, मेदाम्लं, लॅक्टेट यांचा एकाच वेळी हिशेब घ्यायचा. त्यासाठी एनएमआर किंवा मास स्पेक्ट्रोमीटर लागतो; त्याच्या आलेखावर हे रेणू शिखरांच्या रूपात दिसतात. पहिलं यंत्र कमी संवेदनशील, पण त्याचे आकडे पुन्हा पुन्हा तेच येतात. दुसरं अगदी सूक्ष्म मात्राही पकडतं, मात्र त्याला सांभाळावं लागतं.

१९९७ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी लुम्ब्रिकस रुबेलस या गांडुळावर तांब्याचा परिणाम एनएमआरने पाहिला. तांबं दिलेल्या गांडुळांत हिस्टिडिन हे अमिनो आम्ल मोकळ्या रूपात वाढलेलं आढळलं. हिस्टिडिन तांब्याला घट्ट धरतं. म्हणजे शरीर कदाचित तांब्याला आवर घालत असावं. ‘कदाचित’ मी मुद्दाम म्हणतो, त्याकडे परत येऊच.

तांब्याचा विषय निघाला की मला नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागा दिसतात. डाऊनी हा वेलींचा रोग आवरायला मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि चुना मिसळून बोर्डो मारतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. मिलार्दे या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे मिश्रण १८८५ मध्ये जगापुढे मांडलं. फ्रान्समधल्या जुन्या बागांच्या वरच्या थरात साठलेलं तांबं पुढे मोजलंही गेलं. तांबं हे मूलद्रव्य. ते कुजत नाही, विघटित होत नाही. फवारलेलं पानावरून ओघळतं आणि मातीतच राहतं. द्राक्ष उत्पादकाला मी दोष देत नाही. ऐन पावसाळी हवेत डाऊनीने घड गेलेले ज्याने पाहिलेत, त्याला उपदेश करायला माझी जीभ वळणार नाही.

आता मेटाबोलॉमिक्सच्या खोडी सांगतो, कारण जाहिरात करायला इतर लोक आहेत. गांडुळाचं आतडं मातीने भरलेलं असतं. ओल्या फिल्टर पेपरवर ठेवून ते रिकामं होऊ दिलं नाही, तर तुम्ही गांडूळ मोजता की माती, हेच कळत नाही. चयापचय क्षणाक्षणाला बदलतो, म्हणून द्रवरूप नायट्रोजनमध्ये प्राणी झटकन गोठवावा लागतो. उपासमार, उकाडा, हाताळणी, सगळ्याचा ठसा त्याच आलेखावर उमटतो. शिवाय आलेखावरच्या कित्येक शिखरांची ओळखच पटलेली नसते.

आणि ते ‘कदाचित’. एखादं शिखर वाढलं म्हणजे इजा झाली असं नाही. शरीर निभावूनही नेत असेल. खरंच इजा झाली का, हे पाहायला ओईसीडीचीच दुसरी चाचणी आहे: प्रौढ गांडुळं चार आठवड्यांनी काढायची, कोषांतून पिल्लं बाहेर यायला आणखी चार आठवडे द्यायचे आणि मग पिल्लं मोजायची. कंटाळवाणं काम आहे. पण हिस्टिडिन वाढलं आणि पिल्लंही घटली, असं दोन्ही एकत्र दिसेल तेव्हाच इशारा द्या. नुसत्या रंगीत आलेखावर शोधनिबंध छापून येतो. शेतकऱ्याला सांगण्याजोगं त्यात काही नसतं.

आणखी एक गोष्ट मला खटकते. आयसेनिया हे शेणाचं, पालापाचोळ्याचं गांडूळ. बागेच्या मातीत ते सहसा राहत नाही. आपल्या जमिनीत लॅम्पिटो मॉरिटीसारखी देशी गांडुळं आहेत. त्यांचा निरोगी चयापचय उन्हाळ्यात कसा, पावसाळ्यात कसा, याची नीट नोंद आधी हवी. प्रदूषणाचा परिणाम त्यानंतर वाचता येईल. हे काम परदेशातलं कोणी आपल्यासाठी करणार नाही आणि त्याला मोठं बक्षीसही मिळणार नाही. तरी तुमच्यापैकी काही जणांनी ते अंगावर घ्यावं, अशी माझी विनंती आहे. ज्यांच्या घरी बाग आहे त्यांनी तिथूनच सुरुवात करावी: गांडुळांचा एक नमुना वेलींच्या ओळीतला, एक बिनफवारणीच्या बांधावरचा. फक्त बांध निवडताना शेजाऱ्याची फवारणी वाऱ्याने तिथवर येते का, ते आधी विचारून घ्या.