अठराव्या वाढदिवसानंतर

(स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी रायपूर येथील चौबे कॉलोनीत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मूल अठरा वर्षांचे झाले की घरात औक्षण होते, गोडधोड होते. त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडते. तिची वाच्यता मात्र कोठे होत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते मूल सज्ञान होते आणि आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपुष्टात येते. ज्याला स्वतःचे नावही सांगता येत नाही, अशा मुलाच्या वतीने आईने केलेली सही त्यानंतर ग्राह्य धरली जात नाही. अनेक कुटुंबांना ही बाब बँकेच्या खिडकीपाशीच प्रथम कळते.

स्वमग्नता हा विषय अजूनही बालपणापुरता मानला जातो. बोलण्यातील विलंब, नजर न भिडवणे, एकच कृती पुनःपुन्हा करणे या लक्षणांविषयी आता पुष्कळ सांगितले जाते. परंतु स्वमग्नता हा बालपणाबरोबर सरणारा आजार नव्हे. ती मेंदूच्या विकासातील आजन्म भिन्नता आहे. बालपण दहा-बारा वर्षांत संपते, प्रौढपण पुढे कित्येक दशके चालते. तरीही सारी धावपळ आणि सारा खर्च पहिल्या टप्प्यावर होतो. दुसऱ्याच्या वाट्याला येते ती केवळ चिंता.

१९४३ मध्ये अमेरिकेतील बालमानसतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यातील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावी १९३३ मध्ये त्याचा जन्म झाला. वैद्यकीय सल्ल्याने त्याला अगदी लहानपणी एका संस्थेत ठेवण्यात आले होते. वर्षभरानंतर आई-वडिलांनी त्याला परत आणले. पुढे तो काही वर्षे एका शेतकरी दांपत्याकडे राहिला. त्याला मोजमापाचे विलक्षण वेड होते. त्या दांपत्याने ते वेड मोडून काढण्याचा खटाटोप केला नाही. त्याला विहीर खणायला लावले आणि तिची खोली मोजून सांगण्याचे काम दिले. मक्याच्या ओळी तो सारखा मोजत असे. तेव्हा नांगर धरून ओळी मोजण्यास सांगितले. मुलगा मोजता मोजता शेत नांगरू लागला. पुढे त्याने महाविद्यालयीन शिक्षण घेतले, गावच्या बँकेत नोकरी केली, सत्ताविसाव्या वर्षी मोटार चालवायला शिकला आणि एकट्याने देशोदेशी प्रवास केला. २०२३ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याचे घराणे सधन होते आणि बँकेतही कुटुंबाची मालकी होती, हे सांगितलेच पाहिजे. परंतु गावाने त्याला आपला मानले, ते पैशाने विकत घेता येण्याजोगे नव्हते.

चौबे कॉलोनीतील एखाद्या मराठी घरात विहीर खणावयाची नसते. कुकरच्या शिट्ट्या मात्र रोज होतात. शिट्ट्या मोजणाऱ्या मुलाकडे वरण-भाताची जबाबदारी देता येते. कपडे एकाच पद्धतीने रचण्याचा हट्ट असेल तर घड्या घालण्याचे काम त्याचेच. दाढी करणे, मासिक पाळीतील स्वच्छता, दार लावून कपडे बदलणे, नकोशा स्पर्शाला नकार देणे या गोष्टी दहाव्या वर्षापासून शिकवाव्या लागतात, कारण एकेका सवयीला दोन-दोन वर्षे लागू शकतात. गणित मागे पडले तरी चालेल. हे मागे पडून चालत नाही.

येथील घरात मराठी, शाळेत हिंदी आणि गल्लीत छत्तीसगढी असते. मूल गोंधळेल म्हणून मराठी बंद करण्याचा सल्ला पालकांना अनेकदा मिळतो. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाची भाषा आणखी मागे पडते, असे आजवरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. उलट आजीची भाषा तुटली की मुलाशी बोलणारे घरातील एक माणूस कमी होते. लोकांच्या नजरांपायी महाराष्ट्र मंडळातील कार्यक्रमांना जाणे बंद करणाऱ्या कुटुंबाचेही असेच नुकसान होते. मुलाला नावाने ओळखणारी माणसे तेथेच जोडली जातात; फार तर ध्वनिक्षेपकापासून दूर, दाराजवळची जागा धरावी.

आता कागदपत्रांविषयी. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ती उणीव प्रथम दूर केली आणि २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने २१ दिव्यांगत्वांत तिचा समावेश केला. न्यास कायद्याच्या कलम १४ अन्वये अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. नियुक्त पालकाने सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब सादर करावयाचा असतो. प्रत्येकालाच असे पालकत्व लागते असे नाही. जी व्यक्ती थोड्या साहाय्याने स्वतः निर्णय घेऊ शकते, तिचा निर्णयाधिकार केवळ सोयीसाठी काढून घेणे अन्यायाचे आहे. २०१६ च्या कायद्याचा रोख मर्यादित पालकत्वाकडे, संबंधित व्यक्तीशी विचारविनिमय करून निर्णय घेण्याकडे आहे.

न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. केंद्रीय नागरी सेवेतील पालकांच्या पश्चात, उपजीविका करण्यास असमर्थ अशा दिव्यांग अपत्याला आजीवन कुटुंब निवृत्तिवेतनाची तरतूद आहे. पालकांच्या हयातीतच त्यास पूर्वमंजुरी घेता येते. ती न घेतल्यास हा सारा खटाटोप भावंडांच्या माथी येतो.

भावंडांना गृहीत धरू नये. ती सांभाळतीलच, असे त्यांच्या देखत म्हटले जाते. त्यांना विचारले मात्र जात नाही. डोंबिवलीजवळ खोणी येथे मतिमंद व्यक्तींसाठी उभे राहिलेले अमेय पालक संघटनेचे 'घरकुल' हा या प्रश्नावर पालकांनीच एकत्र येऊन शोधलेला मार्ग होय. रायपुरातही चार-पाच कुटुंबांनी आठवड्यातून एक दिवस एकमेकांची मुले सांभाळली, तर आई-वडिलांवाचून राहण्याचा सराव मुलांना त्यांच्या हयातीतच होईल.

आणि प्रत्येक घरी एक वही असावी. कोणत्या आवाजाने तो कानांवर हात ठेवतो, पोटात दुखते तेव्हा काय करतो, कोणते औषध चालत नाही, रात्री कोणता दिवा चालू ठेवावा लागतो, हे सारे आज केवळ आईला ठाऊक असते. ते तिने लिहून ठेवावे, आणि दुसऱ्या कोणाला तरी वाचावयास देऊन, वहीवरून एक दिवस मुलाला सांभाळता येते का, ते पाहावे. जेथे अडेल, तेथे पुढचे पान लिहावे.