जलवाहनाचे कवच : किंमत, वजन आणि टिकाऊपणा

वस्तू स्वस्त असावी, हलकी असावी आणि शिवाय ती वर्षानुवर्षे टिकावी, ही ग्राहकाची इच्छा फार जुनी आहे. आणि ह्या तिन्ही गुणांचा एकत्र वास क्वचितच आढळतो, हा व्यवहाराचा अनुभवही तितकाच जुना आहे. दोन गुण साधावे तर तिसरा हातचा निसटतो. ज्या वस्तूवर मनुष्याला आपल्या शरीराचा भार टाकून खोल पाण्यात जावयाचे असते, त्या वस्तूच्या बाबतीत ही निवड केवळ पैशाची राहत नाही. उभ्याने चालवावयाच्या जेट स्कीचे कवच हे ह्याचे एक उत्तम उदाहरण होय.

मालवण, तारकर्ली किंवा गोव्याचे किनारे येथे पर्यटकांना जी यंत्रनौका दिसते ती बहुधा बसून चालवावयाची असते. उभ्याने चालवावयाची जात निराळी. ती लांबीला सव्वादोन मीटरांच्या आसपास, रुंदीला बेताची, आणि स्वार तिच्या मागील खोलगट भागात उभा राहून पुढील बिजागरीच्या दांड्याला धरतो. क्लेटन जेकबसन ह्या अमेरिकन मोटारसायकलपटूच्या कल्पनेतून ह्या वाहनाचा उगम झाला आणि १९७३ साली जपानच्या कावासाकी कंपनीने ते बाजारात आणले. पुढे १९९० साली यामाहा कंपनीची सुपरजेट आली. अमेरिकेत अरिझोना प्रांतातील हवासू सरोवरावर ह्या खेळाच्या जागतिक स्पर्धा अनेक वर्षे भरत आल्या आहेत. ह्या खेळाच्या नादी लागलेले लोक जुन्या नौकेतील इंजिन, पाणी फेकणारा पंप आणि दांडा काढून घेतात, आणि हे सर्व अवयव छोट्या कारखानदारांनी बनविलेल्या नव्या कवचात बसवितात. कवच कोणते घ्यावे हा प्रश्न तेथेच उभा राहतो.

कारखान्यातून येणारे मूळ कवच बहुधा एसएमसी नामक मिश्रणाचे असते. काचेचे आखूड तुकडे केलेले तंतू, पॉलिएस्टर राळ आणि भरीसाठी खडूसारखी पूड ह्यांची चादर करून ती तापलेल्या पोलादी साच्यात प्रचंड दाबाखाली घातली की थोड्या मिनिटांत कवच तयार होते. साचा अतिशय महाग, परंतु त्यातून हजारो नग निघत असल्यामुळे एका नगावर पडणारा बोजा अल्प. छोट्या कारखानदाराचे गणित ह्याच्या नेमके उलट असते. त्याचा साचा साधा, परंतु प्रत्येक कवच हाताने थरावर थर देऊन घडवावे लागते. म्हणून अशा कवचाची किंमत पाहून दचकणाऱ्याने हे लक्षात ठेवावे की तो केवळ कापड आणि राळ ह्यांचे पैसे देत नसून कारागिराच्या दिवसांचे पैसे देत असतो. आणि ज्या कवचाची किंमत आश्चर्यकारक रीतीने कमी असेल, तेथे बहुधा हे दिवसच कमी केलेले असतात.

आता वजनाचा विचार. काचतंतूची घनता पाण्याच्या सुमारे अडीचपट, कार्बनतंतूची पावणेदोनपट, आणि केव्हलार ह्या पिवळसर तंतूची दीडपटीहूनही किंचित कमी असते. ताठपणात साधा कार्बनतंतू काचेच्या सुमारे तिप्पट भरतो. एवढ्यावरून कार्बन सर्वश्रेष्ठ, असा निकाल देणे सोपे आहे. परंतु कवचाचे वजन केवळ तंतूवर अवलंबून नसते, राळेवरही असते. काचतंतूंच्या विस्कटलेल्या गादीवर हाताने राळ लावल्यास एकंदर वजनात तंतूंचा हिस्सा जेमतेम एकतृतीयांश भरतो. तेच विणलेले कापड घेऊन, साचा झाकून, आतील हवा पंपाने काढून राळ आत ओढून घेतली, तर तंतूंचा हिस्सा शेकडा साठाच्या वर जाऊ शकतो. तेव्हा चांगल्या हातचे काचेचे कवच हे वाईट हातच्या कार्बनच्या कवचापेक्षा सरस ठरणे मुळीच अशक्य नाही.

वजन किती वाचते ह्याचाही हिशेब शांतपणे करावा. दोन फटक्यांच्या इंजिनाची शेवटल्या घडणीची सुपरजेट कोरडी सुमारे १३९ किलोग्रॅम वजनाची असे. तीत १८ लिटर पेट्रोल मावे, म्हणजे आणखी सुमारे १३ किलो. स्वार ७५ किलोचा धरला तर एकूण भार २२७ किलो होतो. समजा, महागड्या कवचाने १५ किलो वाचविले. तर लाभ शेकडा साडेसहा. हा लाभ लहान नव्हे. पण टाकी अर्धी भरली तर साडेसहा किलो फुकट वाचतात, आणि स्वाराने पाच किलो वजन उतरविले तर तेही फुकट. उलटपक्षी, कवचात तरंगण्यासाठी भरलेला फोम जुना होऊन पाणी शोषू लागला, की प्रत्येक लिटरामागे एक किलो ह्या हिशेबाने भार वाढतो आणि हजारो रुपयांची बचत नकळत बुडते. कवच हलके आणि आतील फोम भिजका, ही स्थिती म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसालाच होय.

वजन कोठे आहे ह्यालाही महत्त्व आहे. हवेत कोलांटी घेणाऱ्या स्वाराची नौका आपल्या मध्याभोवती फिरते. आणि फिरणाऱ्या वस्तूचा प्रतिकार अंतराच्या वर्गाने वाढतो. मध्यापासून एक मीटरवर असलेला एक किलो हा अर्ध्या मीटरवरील चार किलोंइतका अडतो. म्हणून कोलांटीच्या कामी नाकाशी वाचविलेला एक किलो इंजिनाजवळ वाचविलेल्या किलोपेक्षा अधिक मोलाचा. सरळ शर्यतीच्या स्वाराला हा लाभ तितका नाही. खवळलेल्या पाण्यात तर थोडे वजन नौकेला स्थिरच ठेवते.

तिसरा गुण टिकाऊपणा. येथे बळकटी आणि ताठपणा ह्यांची गल्लत होते. पत्र्याची जाडी दुप्पट केली तर त्याचा वाकण्यास होणारा विरोध आठपट होतो. म्हणूनच कारागीर दोन पातळ थरांच्या मध्ये हलक्या फोमचा गाभा घालून जाडी वाढवितात. युक्ती नामी, परंतु बाहेरील थराला भोक पडून गाभ्यात पाणी शिरले तर थर सुटू लागतात. कार्बन ताठ खरा, पण तो ताणला जाण्यास फारसा राजी नसतो. मर्यादा ओलांडली की पूर्वसूचनेवाचून फुटतो. काचतंतूचे कवच अधिक वाकते आणि दुखावले की पुष्कळदा पांढरे पडून आपली व्यथा आधी सांगते. केव्हलार फुटले तरी तंतू एकमेकांस सोडीत नाहीत, म्हणून आघाताच्या जागी ते उपयोगी. परंतु ते कापण्यास चिवट, घासले असता त्याला लव सुटते, दाबाखाली ते दुबळे, आणि उन्हाचा त्याला त्रास होतो. खाऱ्या पाण्यात कार्बन व अ‍ॅल्युमिनियम ह्यांचा प्रत्यक्ष स्पर्श झाल्यास अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते; म्हणून इंजिनाच्या व पंपाच्या बैठकींशी मध्ये काचतंतूचा थर असणे अगत्याचे.

राळेचीही तीच गोष्ट. पॉलिएस्टर स्वस्त, पण पाण्याशी दीर्घकाळच्या सहवासात तिला फोड येण्याचा संभव अधिक. व्हिनिलएस्टर मधल्या किमतीची आणि पाण्याला अधिक दाद न देणारी. इपॉक्सी सर्वांत चिकट, पण महाग आणि उन्हात पिवळी पडणारी. इपॉक्सीच्या कवचावर पॉलिएस्टरचे ठिगळ नीट धरत नाही. म्हणून कवच विकत घेताना ते कोणत्या राळेचे आहे हे लेखी विचारून ठेवावे. नाहीतर पुढे डागडुजी करणाऱ्याला अंधारात तीर मारावा लागतो.

कवच मोडते ते बहुधा मोकळ्या पृष्ठभागावर नव्हे, तर जोडांवर: वरचा व खालचा भाग जेथे चिकटविलेले असतात ती कड, इंजिनाची बैठक, दांड्याचा खुंटा, पंपाची बैठक आणि स्वाराच्या पायांखालील खोलगट तळ. सपाट पाण्यावर उंचावरून आपटल्यावर सर्व धक्का ह्याच जागी उतरतो. चतुर कारागीर साऱ्या कवचाला कार्बन न लावता ह्या मोजक्या जागी जादा थर देतो. ग्राहकानेही एकूण वजन विचारण्यापूर्वी ह्या जागा बोटाने चाचपून पाहाव्या.

ह्या साऱ्याचा निष्कर्ष असा की प्रथम उपयोग ठरवावा आणि मग कवच. जो अजून उभे राहण्यास शिकत आहे त्याने मूळ कवच ठेवून दुबळ्या जागा बळकट करून घ्याव्या. जो शर्यतीत उतरतो त्याने आधी नियम वाचावे. मूळ यंत्रांच्या वर्गात परके कवच चालत नाही, ते मोकळ्या वर्गातच चालते. त्याला व्हिनिलएस्टरमधील काचेचे, मोक्याच्या जागी कार्बन दिलेले कवच बहुधा पुरे पडते. कोलांट्या घेणाऱ्याने हलके कार्बनचे कवच घ्यावे, पण ते पायातील जोड्याप्रमाणे झिजणारी वस्तू आहे असे समजूनच पैसे मोजावे. कर्ज काढून घेतलेले आणि फुटण्याच्या भीतीने किनाऱ्यावरच ठेवलेले कवच म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

आणखी दोन गोष्टींत काटकसर करू नये. अमेरिकेत प्रत्येक नौकेवर बारा अक्षरांचा ओळखक्रमांक असावा लागतो. नवे कवच म्हणजे नवी नौका, म्हणून जुन्या कवचाचा क्रमांक त्यावर चिकटविणे हा अपराध होय. दुसरी गोष्ट तरंगण्याची. वजन वाचविण्यासाठी आतील फोम काढून टाकणारे स्वार आहेत. कवचाला तडा जाऊन पाणी आत शिरले की इंजिन, पंप आणि टाकी ह्यांचा भार पेलण्यास मग काहीच उरत नाही. नौका तळाशी जाते आणि स्वार किनाऱ्यापासून दूर केवळ आपल्या जाकिटाच्या आधाराने उरतो. फोम काढलाच तर त्याच्या जागी हवेच्या पिशव्या घट्ट बांधून घ्याव्या. त्यांचे वजन फारच थोडे असते. तुटलेले कवच पुन्हा सांधता येते, गमावलेला पैसा पुन्हा मिळविता येतो. पाण्यावर राहिलेला मनुष्य मात्र आधी किनाऱ्यास लागला पाहिजे, आणि किमतीची व वजनाची सारी तुलना ह्या एका अटीच्या आत राहूनच करावयाची असते.