त्या भोजनाला यहूदाही होता

१० फेब्रुवारी १८९५ रोजी कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या लेखी तो उघड दगाच होता. नवरा जिवंत असताना संसार उठला. पुढची काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या आणि १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. ज्या श्रद्धेने घर मोडले तिच्यातच दिलासा कसा मिळावा, असा प्रश्न त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचताना पडतोच. नवऱ्यामागे फरफटत गेल्या म्हणावे, तर तसेही नाही. एकत्र राहू लागल्यावरही त्यांनी सोवळे पाळले, आणि सोडले ते स्वतःला पटल्यावर.

मला वाटते, या दिलाशाचे मूळ शुभवर्तमानातच आहे. येशूला धरून देणारा कोणी परका नव्हता. रुप्याच्या तीस नाण्यांसाठी फितलेला शिष्य यहूदा शेवटच्या भोजनाला त्याच्याच ताटात हात घालत होता, आणि पेत्राने पहाटेपूर्वी तीनदा ओळख नाकारली. प्रभुभोजनाच्या वेळी ख्रिस्ती मंडळी आजही नेमकी तीच रात्र आठवते. दगा खाल्लेल्याला आपण 'जाऊ दे, विसर आता' म्हणतो. इथे तसे कोणी म्हणत नाही. मात्र घात होणार हे ऐकताच, तो आपल्या हातून तर होणार नाही ना, अशी शंका प्रत्येक शिष्याला आली, हेही तिथेच नोंदलेले आहे. दुखावलेल्याला सोबत मिळते, निर्दोषपणाचा दाखला नाही. कोणी कोणाला दगा दिला, हे नेहमी सरळ नसते. जालन्याजवळ, तेव्हाच्या हैदराबाद संस्थानात, बेथेल हे गाव वसवणारे नारायण शेषाद्री १८४३ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांच्या मागोमाग मिशनऱ्यांकडे गेलेला धाकटा भाऊ श्रीपत याला न्यायालयाने वडिलांच्या ताब्यात दिले. त्या बापाला विचारले असते, तर दगाबाज कोण ठरला असता?

ही श्रद्धा दुखावलेल्याकडे क्षमाही मागते. मग क्षमा करायची म्हणजे पुन्हा त्याच घरी मार खायला जायचे का? हा आक्षेप खोटा नाही. क्षमेचा असा अर्थ बायकांच्या गळ्यात बांधणारे धर्मोपदेशक काही कमी झाले नाहीत. पण पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये घरच्यांनी टाकलेल्या विधवांना आसरा दिला, कामधंदा शिकवला. क्षमेच्या नावाखाली त्यांना सासरी धाडले नाही. बायबलातला योसेफही पाहा. वीस नाण्यांना आपल्याला विकणारे भाऊ दुष्काळात दारी आले, तेव्हा त्याने त्यांची पोती धान्याने भरून दिली. पण आपण कोण, हे सांगितले ते त्यांना पुरते पारखून घेतल्यावरच.