मनाची धास्ती
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आंगणेवाडीच्या जत्रेस मुंबईहून आलेले आपले चाकरमानी रक्तदाब, मधुमेह यांविषयी मोकळेपणाने बोलतात. परंतु चार वर्षांपूर्वी आम्हांस जडलेल्या व्याधीचे नाव घेण्यास आम्ही आजवर कचरत आलो. ते आज घेतो. तिला चिंताविकार म्हणतात.

मसुऱ्याहून कणकवलीस एस. टी.ने जात असता अकस्मात छाती धडधडू लागली, हातांस मुंग्या आल्या, श्वास कोंडला. आता आपण मरतो, असे वाटले. हृदयाचा आलेख निर्दोष निघाला. (ही तपासणी प्रथम करावीच, आपणच परस्पर निदान करू नये.) पुन्हा तसेच झाले, तेव्हा आम्ही एस. टी.त बसणेच सोडले. कोणी बाधा म्हटले, कोणी देवास गाऱ्हाणे घालावयास सांगितले. रत्नागिरीस १८८६ सालापासून मनोरुग्णालय आहे. पण आपल्याकडे त्या गावाचे नाव थट्टेसाठीच निघते, म्हणून मनाच्या डॉक्टरांकडे जाण्यास आम्ही वर्ष दवडले.

डॉक्टरांनी उलगडा केला. वाघ समोर आला असता पळण्यासाठी शरीर जी सिद्धता करते, तीच येथे वाघ नसता होते. श्वास भराभर घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, म्हणून मुंग्या येतात. झटका बहुधा दहा मिनिटांत शिगेस पोहोचून ओसरू लागतो. परंतु आपण एस. टी. टाळली की तत्काळ हायसे वाटते, आणि टाळले म्हणूनच वाचलो, असे मन शिकते. भीती तेथेच पोसली जाते.

म्हणून उपचारही तेथूनच. पहिले काही दिवस आम्ही थांब्यावर नुसते उभे राहिलो. मग एक थांबा प्रवास, मग दोन. धडधडले तरी मध्येच उतरावयाचे नाही, असा नेम. कणकवली गाठण्यास तीन महिने लागले. रोजच्या गोळ्यांचा गुण दिसण्यास काही आठवडे जातात. त्या आठ दिवसांत टाकू नयेत आणि बरे वाटताच मनाने बंदही करू नयेत. झोपेच्या गोळ्यांची मात्र सवय जडते.

आमच्या वर्गातील एका मुलाचे पोट प्रत्येक परीक्षेच्या सकाळी दुखे. आम्ही त्यास ढोंगी म्हणून वर्गासमोर उभे केले. एस. टी.तील त्या दिवसानंतर तो मुलगा आम्हांस वारंवार आठवतो. आपल्या घरी असे मूल असेल, तर त्यास रागे भरू नका, विचारा.

ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. ज्यांस डॉक्टरांकडे एकट्याने जाण्याचा संकोच वाटतो, त्यांनी आम्हांस निरोप धाडावा. आम्ही सोबत येऊ, आणि एस. टी.नेच येऊ.