रंगमंचावरून पडद्यावर : भागीदारीचा प्रश्न

(हौशी नाट्यसंस्थांचे कार्यकर्ते व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



नाटकाचे चित्रण म्हणजे शेवटच्या रांगेमागे तिपाईवर कॅमेरा ठेवणे, अशी माझीही समजूत होती. आमच्या संस्थेने एकदा तसे केले. ती चित्रफीत इंटरनेटवर गेली. पण पाहणाऱ्यांना नटांचे चेहरे दिसले नाहीत, आणि संवादांपेक्षा पंख्यांची घरघरच अधिक ऐकू आली. दोष सर्वस्वी आमचा. छायाचित्रकाराला आम्ही प्रयोगाच्या दिवशी सकाळी बोलावले होते. बिचाऱ्याने संहिता पाहिलेलीसुद्धा नव्हती.

याउलट न्यूयॉर्कच्या 'हॅमिल्टन' या संगीत नाटकाचे पाहा. मूळ नटसंच पांगण्यापूर्वी, जून २०१६ मध्ये, दिग्दर्शक टॉमस केल यांनी त्याचे चित्रण केले. दोन प्रयोग प्रेक्षकांसमोर टिपले. नाट्यगृह रिकामे असताना कॅमेरा थेट रंगमंचावर नेऊन काही गीते जवळून घेतली. प्रेक्षागृहात बसलेला रसिक कोठे पाहायचे ते स्वतः ठरवतो. पडद्यावर ते दुसराच कोणी ठरवतो. म्हणून छायाचित्रकार आणि संकलक हे अशा कामी भाड्याने आणलेले कारागीर नसतात. त्यांना दिग्दर्शकाचे सहकारी मानावे लागते. हे चित्रण ऑक्टोबर २०२१ मध्ये चित्रपटगृहांत यावयाचे होते. परंतु साथीमुळे मार्च २०२० मध्ये ब्रॉडवेची नाट्यगृहे बंद पडली, आणि ३ जुलै २०२० रोजी ते डिस्ने प्लसवरून घरोघर पोहोचले.

आता पैशाविषयी. आपल्याकडे हे बोलणे संकोचाचे वाटते. तेथे मूळ नटसंचाला नाटकाच्या नफ्यात वाटा देण्याचे चित्रणापूर्वीच, एप्रिल २०१६ मध्ये, ठरले होते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही १९९४ साली कलावंतांचा हक्क समाविष्ट झाला. आज त्याची मुदत ५० वर्षे आहे. नाटककाराने केवळ रंगभूमीवरील प्रयोगांना परवानगी दिली असेल, तर ती इंटरनेटला पुरत नाही. शिक्षकबंधूंनी तर मुलांच्या नाटकाचे चित्रण प्रसारित करण्याआधी पालकांची लेखी संमती घ्यावीच.

आमच्या पुढील नाटकाच्या तालमींना छायाचित्रकार पहिल्या दिवसापासून येत आहेत. करारपत्र मात्र अद्याप पुरे झालेले नाही. पडदा ओढणाऱ्या मुलाचा वाटा किती, यावर आमचे एकमत व्हावयाचे आहे.